काय लागतंय?

"काय लागतंय, मामा?"

म्युनिकमधल्या एका बिअरबागेत, चेस्टनटच्या झाडाखाली, लिटरचा मग दोन्ही हातांनी उचलून मी नुकताच पहिला घोट घेतला होता.

"एवढ्यात कसं लागेल?" मी म्हणालो. "अर्धा मग तरी जाऊ दे."

भाच्याने कपाळावर हात मारला. त्याला चव विचारायची होती. आमच्या वेळी बिअरच्या बाबतीत 'लागणे' या क्रियापदाला एकच अर्थ होता आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यातही जाणवायचा. बँकेत ३६ वर्षं काढलेल्या माझ्यासारख्या माणसाचं बिअरचं ज्ञान दोन रकान्यांत मावतं: थंड आणि गरम. तिसरा रकाना असलाच तर बिल कोण भरणार याचा.

लहानपणी या भाच्याच्या घशाखाली कारल्याची एक फोड उतरवायला माझ्या बहिणीला अर्धा डबा गूळ खर्चावा लागे. गुढीपाडव्याला कडुलिंबाचं पान खायच्या वेळी तो माळ्यावर सापडायचा. तोच आता मला कडूपणाचे पोटभेद शिकवत होता. "आधी गवताळ येतं बघ. मग फुलं. मग मागून मसाला. आणि शेवटी कोरडं, स्वच्छ कडू."

मी डोळे मिटून दुसरा घोट घेतला. आधी बिअर आली. मागून बिअर आली. शेवटीही बिअरच आली.

"तुला हॉप्स कळत नाहीत," भाचा म्हणाला. बँकेतल्या ऑडिटरनेही मला कधी इतक्या खेदाने काही ऐकवलं नव्हतं.

मग शिकवणी सुरू झाली. पहिला धडा 'लागर' या शब्दाचा. लागर म्हणजे लागणारी, अशी माझी सरळ मराठी व्युत्पत्ती होती. जर्मन भाषेत 'लागर्न' म्हणजे साठवून ठेवणं. आपण लोणचं मुरवतो तसं हे लोक बिअर मुरवतात. १५५३ साली बव्हेरियात उन्हाळ्यात बिअर गाळायला बंदी झाली, कारण उष्म्यात ती नासायची. मग हिवाळ्यात गाळायची आणि थंड तळघरांत, भुयारांत ठेवून द्यायची. थंडीत काम करणारं एक यीस्ट तिथे जोमाने वाढलं. ते आठ-दहा अंशांवर संथ आंबवतं, सगळं पचवून तळाशी जाऊन बसतं आणि मागे फारसा पसारा ठेवत नाही. याउलट एल नावाच्या बिअरचं यीस्ट ऊबदार हवेत घाईने काम उरकतं आणि जाता जाता केळं, सफरचंद, लवंग असे नाना वास सोडून जातं.

"म्हणजे एल ही मिसळ," मी म्हणालो. "तर्रीत काहीही खपतं. आणि लागर म्हणजे साधं वरण."

भाचा गप्प झाला. मला वाटलं, चुकलं. पण तो चक्क म्हणाला, "मामा, हे बरोबर आहे."

साध्या वरणाचं दुखणं फक्त ते करणाऱ्यालाच ठाऊक असतं. डाळ, हळद, मीठ, हिंग. लपायला जागाच नाही. हिंग भेसळीचा निघाला तर मिसळीत कोणाला पत्ता लागणार नाही. वरणात मात्र पंगतीतला शेवटचा म्हाताराही मान वर करून वाढप्याकडे बघतो. लागरमध्ये हॉप्सचं, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या बोंडांचं, तेच होतं. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, सौम्य, यीस्ट अबोल, पाणी पारदर्शक. त्यात हॉप्सची जात बदलली की सगळी बिअरच बदलते. हिंगाचा मान या लोकांनी एका वेलीला दिला आहे.

ती वेल बघायला शनिवारी मी, बायको आणि भाचा हालरटाऊला निघालो. म्युनिकच्या उत्तरेला तासाभरावर असलेला हा मुलूख म्हणजे जगातला हॉप्सचा सगळ्यात मोठा सलग पट्टा. ऑगस्टचा शेवट होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सात-सात मीटर उंच खांब, वर तारा आणि तारांपासून खाली सोडलेल्या दोऱ्यांवर चढलेल्या हिरव्यागार वेली. आमची तासगावची द्राक्षबाग कोणी ताणून दुमजली केली असती तर अशी दिसली असती. वसंतात कोंब दोरीला लावून दिला की वेल घड्याळाच्या दिशेने वळसे घेत चढते. हवा मानवली तर दिवसाला वीस-तीस सेंटिमीटर.

"आणि या सगळ्या माद्या," भाच्याने माहिती पुरवली. "फुलं मादीचीच वापरतात. नराचे परागकण आले की बी धरतं आणि माल बिघडतो. म्हणून इथे नर वेल दिसला की उपटून टाकायचा."

बायकोने ही व्यवस्था फार लक्ष देऊन ऐकली. परत यायला निघेपर्यंत ती अधूनमधून त्या शेतांकडे कौतुकाने बघत होती.

माझी बायको पीत नाही. पण ती वास घेते. भाजीवाल्याच्या पाटीतल्या कोथिंबिरीपासून माझ्या शर्टापर्यंत तिने आयुष्यभर सगळ्याचा वास घेतला आहे आणि निकाल देऊन टाकला आहे. शेताच्या मालकाने हॉप्सचं एक बोंड तिच्या हातावर ठेवलं. बोटाच्या पेराएवढं, हिरवट, कागदी पाकळ्यांचं. मधोमध फोडलं की आत पिवळी पूड, हळदीने माखल्यासारखी. तिचं नाव ल्युप्युलिन. कडूपणा आणि सुवास दोन्ही त्यातच. बायकोने तळहातावर चोळलं, नाकाशी नेलं आणि म्हणाली, "मिरी आहे यात. आणि थोडी भांग."

"मामी!" भाचा ओरडला. "तुला भांग कशी माहीत?"

"नाशिकला माहेर आहे माझं. होळीला काय घरात बसायचो का?"

दोन्ही उत्तरं बरोबर निघाली. मिऱ्यांच्या वासात कॅरिओफायलीन नावाचं एक द्रव्य असतं, ते हॉप्सच्या तेलातही आहे. आणि हॉप्स ही वनस्पतीच्या वंशावळीत भांगेची सख्खी चुलत बहीण. दोघी एकाच कुळातल्या. एकीला सरकार पकडतं, दुसरीवर कर घेतं.

पण मुळात कोणाला सुचलं गोड पाण्यात हे कडू घालायचं? पूर्वी युरोपात बिअरमध्ये रानटी झुडपांचा मसाला टाकत. बाराव्या शतकात बिंगेनच्या हिल्डेगार्ड नावाच्या जोगिणीने हॉप्सबद्दल लिहून ठेवलं आहे. तिच्या मते हॉप्सने माणूस उदास होतो, पण त्याच्या कडूपणामुळे पेय नासत नाही. लोकांनी हिशेब केला: माणूस उदास झाला तरी चालेल, बिअर नासता कामा नये. १५१६ साली बव्हेरियाच्या ड्यूकांनी फर्मान काढलं की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालायचं नाही. यीस्टचं नाव त्यात नव्हतं, त्याचं काम तेव्हा कोणाला नीट उमगलंच नव्हतं. सगळं काम ते करत होतं आणि यादीत नाव नाही. सरकारी कचेरीतल्या शिपायाला हे लगेच कळेल.

हॉप्सची गंमत अशी की कडूपणा आणि सुवास एकाच बोंडात असले तरी दोघांचं पटत नाही. कडूपणा देणारी अल्फा आम्लं पाण्यात सहजी उतरत नाहीत. जवाच्या गोड काढ्यात तासभर खळखळून उकळली की त्यांची घडण बदलते आणि मग ती विरघळतात. पण तेवढ्या वेळात सुवासाचं तेल वाफेबरोबर उडून जातं. म्हणून काही हॉप्स सुरुवातीला टाकायचे कडूपणासाठी, काही आच बंद करताना चवीसाठी आणि काही बिअर थंड झाल्यावर, आंबवण होत आल्यावर, नुसत्या वासासाठी. शेवटच्या प्रकाराला ड्राय हॉपिंग म्हणतात.

"म्हणजे खडा मसाला तेलात, गोडा मसाला आमटीला उकळी आल्यावर आणि कोथिंबीर गॅस बंद करून वरून," बायको म्हणाली. "यात शिकायचं काय आहे?"

भाच्याने हे शिकायला तीन महिन्यांचा वर्ग लावला होता. फी युरोमध्ये.

दुसऱ्या दिवशी सीमा ओलांडून आम्ही चेक देशात पिल्सेनला गेलो. आज जगात जी सोनेरी, फेसाळ, आरपार दिसणारी बिअर सगळीकडे मिळते तिचं हे माहेर. १८३८ साली इथली बिअर इतकी टाकाऊ झाली होती की लोकांनी ३६ पिंपं टाऊनहॉलसमोर ओतून दिली. पुण्यात असं झालं असतं तर वर्तमानपत्रांतून वाचकांचा पत्रव्यवहार झाला असता. पिल्सेनकरांनी नवी भट्टी बांधली आणि बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला. हा इतका फटकळ होता म्हणे की त्याचा सख्खा बाप त्याला बव्हेरियातला सगळ्यात उद्धट माणूस म्हणायचा. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या गावात तो सहज खपला असता. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने पहिला घाणा घातला: फिकट भाजलेलं माल्ट, पिल्सेनचं मऊ पाणी, बव्हेरियाचं थंडीतलं यीस्ट आणि जवळच्या झातेत्स गावचे हॉप्स.

या हॉप्सना जग 'साझ' म्हणतं. नाव ऐकून बायकोला कोल्हापुरी साज आठवला आणि आठवण झाली की मी अजून तो केलेला नाही. पण उपमा जमते. साझ हा दागिना अंगभर नाही, गळ्यालगत. यात अल्फा आम्लं जेमतेम तीन-चार टक्के. कडू आहे पण ओरडत नाही. वास मातीचा, सुकलेल्या गवताचा, काहीसा औषधी. झातेत्सची माती लोहाने तांबडी आहे आणि डोंगराच्या आडोशामुळे पाऊस बेताचा. हीच वेल अमेरिकेत नेऊन लावली तर वेगळी लागते. देवगडच्या हापूसचं कलम परगावी नेलेल्याला हे समजावून सांगायला नको. २०२३ साली युनेस्कोने झातेत्स गाव आणि आसपासची हॉप्सची शेतं जागतिक वारशाच्या यादीत घेतली. एका कडू चवीचं इतकं कौतुक ऐकून मला आमच्या कारल्याबद्दल वाईट वाटलं. तुपात तळा, साखरेत घोळा, त्याच्या वाट्याला म्हणच आली.

परतीच्या वाटेवर माझी परीक्षा झाली.

हालरटाऊतल्या एका खेड्यात भाच्याच्या ओळखीचा एक म्हातारा लहानशी भट्टी चालवतो. त्याने आमच्यासाठी चार पेले मांडले. माल्ट एक, पाणी एक, यीस्ट एक, मुरवण्याचे आठवडे सारखे. फक्त हॉप्स वेगळे. चारही पेले दिसायला जुळे भाऊ. म्हातारा हाताची घडी घालून समोर बसला. भाचा दुभाषा.

पहिला पेला. मी वास घेतला. गवत, फुलं, मसाला हे सगळे पाठ केलेले शब्द जिभेवर आले. पण खरं सांगायचं तर मला ओळखीचा एकच वास येत होता. "धणे," मी म्हणालो. "आमच्या हिने नुकतेच भाजायला घेतलेले. करपायच्या आधीचे."

भाच्याने लाजून जमिनीकडे बघत भाषांतर केलं. म्हाताऱ्याने टेबलावर अशी मूठ आपटली की फेस सांडला. लिनालूल! धण्याच्या तेलात मुख्य असतं ते लिनालूल आणि हालरटाऊच्या या जुन्या, खानदानी मिटलफ्र्यू जातीच्या सुवासातलं एक मोठं नावही तेच. पुस्तकात शब्द 'फुलांसारखा' असा छापलाय म्हणून ज्याच्या स्वयंपाकघरात धण्याचा डबाच नाही त्याला ते फूल वाटतं. मला धणे वाटले. रसायन दोघांनाही खरं म्हणतं.

ही मिटलफ्र्यू जात एका बुरशीच्या मर रोगाने गेल्या शतकात जवळजवळ संपायला आली होती. जवळच्या ह्युल गावात १९२६ पासून हॉप्सचं संशोधन केंद्र आहे, तिथे रोगाला दाद न देणाऱ्या नव्या जाती निघाल्या. पण जुनी गेली नाही. खानदानी माणसं अशीच चिवट असतात. प्रकृती कायम नाजूक आणि नव्वदी सहज गाठतात.

दुसरा पेला साझचा. त्यात पहिल्या पावसानंतरचं अंगण होतं. हेही मान्य झालं.

तिसरा नाकाशी नेला आणि मी दचकलो. "पपनस!" पपनस सोलताना सालीतून तुषार उडतात तो वास. ही अमेरिकेची कॅस्केड. ओरेगॉनमध्ये तयार होऊन १९७२ साली बाजारात आली. पुढे तिकडच्या छोट्या भट्ट्यांनी तिला डोक्यावर घेतलं आणि नुसत्या हॉप्सनेही बिअरला फळाचा वास येऊ शकतो हे जगाला कळलं. बव्हेरियाने बरीच वर्षं नाक मुरडलं. मग ह्युलवाल्यांनी गुपचूप सोयरीक केली आणि २०१२ साली मांडरीना बव्हारिया ही नवी जात काढली. वास संत्र्याचा, आडनाव बव्हेरियाचं, आई कॅस्केड. सून परदेशी म्हणून आधी रुसलेली घरं नातवंड झाल्यावर जशी निवळतात, तसं.

चौथ्या पेल्यात सिट्रा होती. ही २००८च्या सुमाराची अमेरिकन जात, अल्फा आम्लं साझच्या तिप्पट. "आंबा," मी आत्मविश्वासाने म्हणालो. "पिकलेला पेरू." आणि मग जरा खोल श्वास घेतला. घ्यायला नको होता. "आणि... आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली..."

"काय आहे जिन्याखाली?" भाचा म्हणाला.

"मांजर."

भाच्याने हे भाषांतरित करायला साफ नकार दिला. मी 'म्याऊ' करून दाखवलं. म्हातारा हसून हसून लाल झाला. कारण हेही बरोबर होतं. या जातीत गंधकाची काही द्रव्यं असतात, अगदी कणभर. तेवढ्यात ती फळासारखी वाटतात आणि जरा जास्त झाली की मांजरासारखी. पेरूचा पिकलेला वासही याच घराण्यातल्या द्रव्यांचा. फळ आणि मांजर यांच्यात अंतर फक्त मात्रेचं आहे, ही गोष्ट मला साठाव्या वर्षानंतर कळली. कडक, काळ्या बिअरमध्ये हे मांजर कोपऱ्यात लपलं असतं. लागरमध्ये ते भर बैठकीत येऊन बसतं.

मी चारांपैकी चार मार्क मिळवून छाती फुगवत असताना म्हाताऱ्याने कपाटातून हॉप्सची एक पिशवी काढून बायकोपुढे धरली. तिने दुरूनच नाक आक्रसलं.

"हे जुने आहेत. उघड्यावर राहिलेत. घामट मोज्यांसारखा वास येतोय."

हॉप्स हवा लागून शिळे झाले की त्यात खवट चीजसारखा वास धरतो. म्हाताऱ्याने ती पिशवी मुद्दाम जपून ठेवली होती आणि बऱ्याच पाहुण्यांना ती ताज्या मालासारखी वाटते, असं तो म्हणाला. मग त्याने उभं राहून बायकोशी हस्तांदोलन केलं. मला मात्र बिल दिलं.

पुण्याला परतलो तो मी वेगळा माणूस होतो. आणि पुणं या बाबतीत मागे नाही. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक २००९ साली इथेच निघाली आणि तिचं नाव डूलाली. हा शब्द आपलाच, नाशिकजवळच्या देवळालीचा. नोकरी संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत मायदेशीच्या बोटीची वाट बघत महिनोन् महिने पडून राहायचे आणि उन्हाने, कंटाळ्याने त्यांच्या डोक्यावर परिणाम व्हायचा. त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणायचे. टॅप म्हणजे आपला ताप. इंग्रजीत वेड्याला आजही डूलाली म्हणतात. बायकोला माहेरचा हा पराक्रम सांगितला तेव्हा ती म्हणाली, "त्यांना कामाला लावायचं होतं. मुरत ठेवलं की बिअर सुधारते, पुरुष नाही."

मी दर शनिवारी मित्रांना घेऊन बसू लागलो. वेटरला "यात हॉप्स कुठले?" असं विचारू लागलो. त्याने "कोल्ड आहे सर" म्हटलं की मी त्याच्याकडे भाच्याच्या नजरेने बघायचो. पेला गोल फिरवून 'आधी पपनस, मग गवती चहा, शेवटी किंचित मिरी' असं म्हणायचो. चौथ्या शनिवारी कोणीच आलं नाही. एकाला पाहुणे होते, एकाची पाठ धरली होती, तिसऱ्याने खरं काय ते सांगितलं.

म्हणून तो शनिवार घरीच. संध्याकाळी स्वयंपाकघरात शिरलो. बायकोने पातेल्यातलं वरण पळीने ढवळलं, वाटीत घोटभर ओतून माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "काय लागतंय?"

शेवटी माझ्या जिभेची किंमत घरात कळली तर! वाटी गोल फिरवली. वास घेतला. घोट तोंडात घोळवला, नाकातून श्वास सोडला.

"आधी तूप येतंय," मी डोळे मिटून म्हणालो. "मग जिरं, छान तडतडलेलं. मधे कढीपत्ता. आणि शेवटी, अगदी शेवटी, मागून हिंग. खडा हिंग. पुडीतला नव्हे."

बराच वेळ काही आवाज आला नाही म्हणून डोळे उघडले. बायको शेजारच्या शेगडीवर कढल्यात तूप घालत होती.

"मीठ पुरेसं आहे का, तेवढं विचारत होते," ती म्हणाली. "फोडणी अजून द्यायचीय."